कानाडोळ्यातला कान

मराठीत दुर्लक्षाला ‘कानाडोळा’ म्हणतात. शब्दात दोन्ही इंद्रियांना सारखा मान आहे, घरात मात्र नाही. पोर टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसू लागले की त्याच आठवड्यात चष्म्याचा नंबर काढला जातो. तेच पोर टीव्हीचा आवाज वाढवू लागले, तर त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला जातो. हाकेला ओ देत नाही म्हणून ते आगाऊ ठरते, शाळेत ‘लक्ष नसते’ असा शेरा मिळवते आणि आजी म्हणते, ‘काही नाही हो, सगळं ऐकू येतं त्याला. चॉकलेटचं नाव काढा, बघा कसं धावत येतं!’

आजीचे निरीक्षण खोटे नसते, गोम तिथेच आहे. चॉकलेटचे नाव कुणी तरी जवळून, मुलाकडे तोंड करून काढलेले असते. स्वयंपाकघरातून मारलेली हाक मात्र त्याच्यापर्यंत निम्मीच पोचते. लहान मुलांमध्ये सर्रास आढळणारे बहिरेपण हे असे अर्धेमुर्धे असते. आज आहे, पंधरा दिवसांनी नाही, पुढच्या सर्दीला पुन्हा हजर. ते दुखत नाही, सुजत नाही, ताप आणत नाही. म्हणून ते कुणाला दिसतही नाही. मुलांच्या कान-नाक-घशाच्या बाबतीत आपल्या घरांचा हिशेब इथेच चुकतो. जे डोळ्यांना दिसते त्याला आपण भितो, आणि ज्याला भ्यायला हवे ते शांतपणे चालू राहते.

घाटातून गाडी चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की ‘टक्’ करून सुटतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नाकाच्या मागच्या बाजूपासून कानाच्या पडद्यामागच्या पोकळीपर्यंत एक बारीक नळी जाते, कंठकर्णनलिका. गिळताना ती क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा होतो. मोठ्यांमध्ये ही नळी लांब आणि उतरती असते. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली की नळीचे तोंड सुजते, आत कोंडलेली हवा शोषली जाते आणि तिच्या जागी पाणी साठू लागते. नाकातले जंतू आखूड वाटेने आत शिरले तर रात्री दोन वाजता पोर कान धरून किंचाळत उठते. ते दुखणे सगळे घर जागे करते, त्यामुळे त्याला औषध मिळते. पण कित्येकदा दुखणे ओसरल्यावरही, किंवा मुळीच न दुखता, पाणी आत तसेच राहते. दिवस जातात तसे ते डिंकासारखे दाट होत जाते. इंग्रजी डॉक्टरांनी या दुखण्याला नावच ‘ग्लू इअर’ दिले आहे, म्हणजे डिंकाचा कान. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शाळेत जायच्या वयापर्यंत दहापैकी नऊ मुलांना कधी ना कधी हा अनुभव येऊन गेलेला असतो.

या अवस्थेत ऐकू कसे येते, हे मोठ्यांना समजून घ्यायचे असेल तर दोन्ही कानांत बोटे घट्ट घालावीत आणि कुणाला तरी दहा फुटांवरून, पंखा चालू ठेवून, धडा वाचायला सांगावे. माणूस बोलतो आहे हे कळते. काय बोलतो आहे ते निम्मे कळते. स्वर ठणठणीत पोचतात, कारण त्यांत जोर असतो. क, त, प, स यांसारखी हलकी व्यंजने वाटेतच गळतात. ‘काठ’, ‘पाठ’ आणि ‘ताठ’ हे तिन्ही शब्द मग एकच होऊन बसतात. मुलाच्या श्रुतलेखनाच्या वहीत लाल शाईने गोल केलेल्या चुका जरा निरखून पाहिल्या, तर कधी कधी त्यांत एक नियम सापडतो. ज्याला मराठी अजून नीट यायची आहे अशा, घरी भिली, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाचे काय होत असेल! नवी भाषा, तीही गाळून आलेली. मोठ्या माणसाला शब्द आधीपासून माहीत असतात. निम्मा ऐकू आला तरी तो पुरा करून घेतो. मुलाकडे तो साठा नसतो, त्याला तो याच वयात भरायचा असतो.

यावर लगेच ऑपरेशन करा, असे कुणी शहाणा डॉक्टर म्हणणार नाही. बहुतेक मुलांच्या कानातले हे पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरते, आणि सर्दीच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्यांनी ते लवकर ओसरते असे आढळलेले नाही. म्हणून थांबायचे. पण ‘थांबू या’ आणि ‘मोठा झाला की होईल बरा’ यांत फरक आहे. पहिल्यात कॅलेंडरवर तारीख घातलेली असते. तीन महिन्यांनीही पाणी तसेच असेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, करायची. ऐकणे खरोखरच उतरलेले असेल, तर पडद्याला बारीक छेद देऊन आतले पाणी ओढून घेतात आणि त्या छेदात रिळासारखी एक चिमुकली नळी बसवतात, ग्रोमेट. १९५४ मध्ये अमेरिकेच्या बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी ही नळी पुन्हा प्रचारात आणली. तेव्हापासून ती जगभर वापरली जाते. सहा महिने ते वर्ष-दीड वर्षात ती बहुधा आपोआप गळून पडते.

पाणी पुन्हा पुन्हा साठत असेल तर शोध नाकामागे न्यावा लागतो. टाळूच्या वर, जिथे कंठकर्णनलिका उघडते तिथेच, टॉन्सिलच्याच जातीची आणखी एक गाठ असते, अ‍ॅडेनॉइड. तोंड उघडून पाहिले तरी ती दिसत नाही. डेन्मार्कच्या विल्हेल्म मेयर यांनी १८६८ साली कोपनहेगनमध्ये तिच्या वाढीचे नीट वर्णन केले आणि नाक बंद असणे, बोलणे गेंगाणे होणे, ऐकू कमी येणे या वेगवेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींचा धागा त्या एका गाठीपाशी नेऊन पोचवला. तीन ते सात या वयात ही गाठ सर्वांत मोठी असते, पुढे किशोरवयात आक्रसून जाते. ती फार वाढली की मूल तोंड उघडे टाकून श्वास घेते, उशी लाळेने भिजते आणि रात्री घोरते. ‘बघा, बाप झोपतो तसा झोपलाय,’ म्हणून सगळे कौतुकाने हसतात. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण, हा समज आपल्याकडे पक्का आहे. प्रत्यक्षात घोरता घोरता श्वास मध्येच अडकत असेल, मूल दचकून कूस बदलत असेल, झोपेत मान मागे टाकत असेल, तर त्याची झोप रोज रात्री तुटते आहे. अशी तुटकी झोप झालेले मोठे माणूस दिवसा पेंगते. मूल उलट चिडचिडते, वर्गात एका जागी बसत नाही. शेरा मग पुन्हा तोच, लक्ष नसते.

टॉन्सिलचे प्रकरण याच्या अगदी उलट. ते दिसतात, आणि दिसतात म्हणून बिचारे शिक्षा भोगत आले आहेत. १९३४ मध्ये अमेरिकन चाइल्ड हेल्थ असोसिएशनने न्यूयॉर्कच्या १००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुले डॉक्टरांना दाखवली. त्यांनी १७४ जणांना ऑपरेशन सुचवले. ज्यांचे टॉन्सिल ठीक ठरले होते ती २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभी केली, तर त्यांनी त्यांतलेच ९९ निवडले. उरलेल्यांना तिसऱ्यांदा दाखवले, तेव्हा पुन्हा जवळजवळ निम्म्यांना ऑपरेशनची शिफारस झाली. अखेर हजारांतून ६५ मुले सुटली. डॉक्टर मुलाचा घसा पाहत होते की ‘निम्म्यांना तरी काही असणारच’ ही आपली खात्री, असा प्रश्न तेव्हा पडला तो आजही शिळा झालेला नाही.

पुढे पिट्सबर्गच्या जॅक पॅराडाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑपरेशनसाठी जो निकष वापरला, तो आजही मानला जातो. वर्षभरात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा घशाचा खराखुरा आजार. ‘घसा जरा धरला होता’ एवढ्यावर भागत नाही, प्रत्येक वेळी ताप, मानेच्या गाठी किंवा टॉन्सिलवरचे पांढरे डाग यांची नोंद हवी. आता गंमत अशी की आपल्याकडे फार थोड्या घरांत अशी नोंद असते. डॉक्टरांचे कागद हरवतात, दर वेळी डॉक्टर बदलतात, निर्णय मग आठवणीवर होतो. काही घरांत टॉन्सिल ‘उगाच त्रास देतात म्हणून’ काढले जातात, तर ज्या मुलाचा श्वास रात्री अडकतो त्याच्या घरी ‘ऑपरेशन नको, प्रतिकारशक्ती जाते’ म्हणून वर्षे ढकलली जातात. या दोन्ही टोकांच्या मध्ये कुठे तरी पडजीभ उचलणाऱ्या बाई असतात. अंगठ्याला मीठ-हळद लावून घशात दाबायची, नाही तर टाळूवरचे केस ओढून ‘पडलेली’ पडजीभ वर आणायची. पडजीभ पडतही नाही आणि केस ओढून वरही येत नाही. मुलाचा घसा मात्र सोलवटून निघतो.

घशाच्या औषधांचेही तेच. मुलांचे बहुतेक घसे विषाणूंमुळे दुखतात, चार-पाच दिवसांत बरे होतात आणि अँटिबायोटिकने त्यांत काहीही फरक पडत नाही. म्हणून औषध नकोच, असेही नाही. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने धरलेला घसा अर्धवट सोडला तर काही मुलांना पुढे सांधेज्वर होतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. भारतात हा आजार अजून संपलेला नाही. तेव्हा मागच्या वेळचे उरलेले सिरप फ्रिजमधून काढून दोन दिवस पाजणे, ही सर्वांत वाईट निवड. गरज नसेल तर ते व्यर्थ, आणि गरज असेल तर अपुरे.

नाकाचा घोळणा फुटला की मात्र सारे घर हादरते. मे महिन्यात विदर्भात हे घरोघर चालते. कोरडी हवा, नाकात बोट आणि नाकाच्या पडद्याच्या अगदी पुढच्या टोकावर असलेले बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे, एवढेच बहुतेक वेळा त्यामागे असते. पण शर्टावर लाल डाग पडतात, म्हणून धावपळ. मुलाला आडवे करून मान मागे टाकतात, डोक्यावर पाणी थापतात, कांदा फोडून हुंगायला देतात. मान मागे टाकली की रक्त घशात उतरते, मूल ते गिळते, मग रक्ताची उलटी करते आणि घाबरगुंडी दुप्पट होते. मुलाला बसवून पुढे वाकवायचे, नाकाचा मऊ भाग दोन बोटांत धरून घड्याळ लावून दहा मिनिटे दाबायचा, मध्ये सोडून बघायचे नाही. बहुतेक घोळणे एवढ्याने थांबतात. यातले शेवटचे पाळणेच सगळ्यांत अवघड जाते. वीस मिनिटांनीही थांबले नाही किंवा वारंवार फुटू लागले तर डॉक्टर आहेतच.

त्याच नाकाच्या एकाच बाजूने घाण वासाचा शेंबूड आठवडाभर वाहत असतो, तेव्हा मात्र कुणी धावत नाही. ‘सर्दी मुरली आहे’ म्हणतात. सर्दी सहसा दोन्ही नाकपुड्यांना होते. एकच वाहते आहे आणि वास येतो आहे, म्हणजे आत काही तरी बसले आहे असेच धरून चालावे: हरभरा, मणी, सीताफळाची बी, स्पंजचा तुकडा. दाणा असेल तर नाकात पाणी घालू नये, तो फुगून आणखी घट्ट बसतो. सगळ्यांत भयंकर म्हणजे रिमोटमध्ये, खेळण्यांत आणि गाणे वाजवणाऱ्या शुभेच्छापत्रांत असते ते बटणाएवढे गोल सेल. नाकातल्या ओलीत त्याचा वीजप्रवाह सुरू होतो आणि काही तासांत आतला भाग भाजून नाकाच्या पडद्याला कायमचे भोक पडू शकते. तिथे सकाळपर्यंत वाट पाहणे परवडत नाही.

कानाला तर आपण दाखवतो कमी आणि छळतो जास्त. न्हाऊमाखू घालताना बाळाच्या कानात तेलाचे थेंब सोडायचे, वर फुंकर मारायची. मोठे झाले की केसांचा आकडा, काडेपेटीची काडी, नाही तर कापसाचा बड. कानाची आतली कातडी स्वतःच हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकते आणि मळ आपल्याबरोबर आणते. जगातली ही बहुधा एकमेव मोरी असेल, जी स्वतःला झाडते. बड घातला की सरकत आलेला मळ पुन्हा आत ठासला जातो. तेलाने पावसाळी दमट हवेत बुरशीला आयते बिछाने मिळतात. पडद्याला आधीच भोक असेल तर तेल थेट आत उतरते. तेलाचा एकच मान राखावा लागेल. कानात जिवंत किडा शिरून फडफडत असेल, तर पडद्याला भोक नाही हे ठाऊक असताना सोडलेले चार थेंब त्याला शांत करतात. डॉक्टरही तेच करतात. किडा काढायला मात्र त्यांच्याकडेच जावे.

‘कान फुटला’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यातली गंभीरता विरून गेली आहे. सर्दीनंतर एकदा कान फुटला, पू आला, औषधाने थांबला, पडदा मिटला; हे बरेचदा घडते. महिनोन्‌महिने कान वाहत राहणे निराळे. त्यातही थोडासाच, पण कुजका वास असलेला स्राव येत असेल आणि काही दुखत नसेल, तर तो कान सर्वांत धोक्याचा. पडद्यामागे साठणारा कातडीचा गोळा हाडे पोखरत जातो आणि उपेक्षा झाली तर चेहऱ्याच्या नसेपर्यंत, मेंदूपर्यंत पोचू शकतो. खेड्यांत अशा कानात कापसाचा बोळा घालून मुले शाळेत येतात आणि शिक्षकांना तो बोळा इतका ओळखीचा झालेला असतो, की त्याविषयी कुणी विचारत नाही.

शिक्षकांचा विषय निघालाच आहे तर ‘कानाखाली आवाज काढीन’ या मराठी धमकीविषयीही बोलायला हवे. तळहात कानावर सपाट बसला की कानाच्या नळीतली हवा एकदम दाबली जाते आणि पडदा फाटू शकतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी आहे. घरांना ते कलम लागू नाही. ज्याला ऐकू येत नाही म्हणून तो ऐकत नाही, त्याच्याच कानावर हात पडावा, यापरते दुर्दैव कोणते!

सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्याच पालघरातून. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा डॉक्टर, नर्स आणि औषधनिर्माता यांचे पथक येते. कानाचे आजार आणि ऐकण्यातला दोष दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. न्यूमोकोकस हा मुलांच्या कानदुखीमागचा एक मोठा जंतू. त्याच्यावरची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी, मूल पाच वर्षांच्या आतले असेल तर, कॉक्लिअर इम्प्लांटला केंद्राची मदत आहे. अडचण आहे ती मधल्या जागेत, त्या अर्धवट ऐकणाऱ्या मुलापाशी. पथकाजवळ नजर तपासायला अक्षरांचा तक्ता असतो. कानासाठी घंटा, खुळखुळा आणि काही प्रश्न. ‘मुलाला ऐकू येते का?’ या प्रश्नाचे उत्तर आजी केव्हाच देऊन बसलेली आहे. खुळखुळा वाजला की डिंकाच्या कानाचे मूलही वळून बघते.

तेव्हा मागणी साधी आहे. पहिलीत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाची ऑडिओमीटरने एकदा मोजणी व्हावी; हातात धरून नेता येणारी यंत्रे आता आहेत, ती तालुक्याला एक जरी असली तरी फिरवता येतात. आणि गुणपत्रिकेच्या वर्णनात्मक नोंदीत ‘लक्ष देऊन ऐकत नाही’ असे लिहिण्यापूर्वी त्या मुलाचा कान तपासला गेला आहे की नाही, एवढा एक रकाना छापावा. मोजणी झाली तर ऑपरेशनांचे पेव फुटेल, अशी भीती काही जण घालतील. न्यूयॉर्कची ती हजार मुले पाहता ती अगदीच निराधार नाही. पण तिथे घसे नुसते डोळ्यांनी पाहिले होते. कान डेसिबलमध्ये मोजता येतो आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजता येतो.

यंत्र येईपर्यंत शाळांना हात बांधून बसायचे कारण नाही. ओठ दिसू नयेत म्हणून मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहायचे, त्याचा एक कान बोटाने हलकेच बंद करायचा आणि कुजबुजत्या आवाजात तीन आकडे म्हणायचे, ‘सात, दोन, नऊ’. मुलाने ते परत म्हणायचे. मग दुसरा कान, दुसरे आकडे. चुकले तर आठवड्याने पुन्हा, तेव्हाही चुकले तर डॉक्टरांकडे चिठ्ठी. एका मुलाला दोन-तीन मिनिटे लागतात. चाळीस मुलांचा वर्ग असला तर जूनमधली एक सकाळ, पंखे बंद करून.